हरकत हाय!

माझ्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना तात्या उठून ओरडले, "हरकत हाय!" सगळा मांडव गार. माझ्या सासऱ्यांच्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या. तात्या म्हणाले, "अंतरपाट एका अंगानं खाली आलाय. नवऱ्याला आत्ताच नवरी दिसतीय." अंतरपाट सरळ झाला आणि लग्न लागलं. मधल्या त्या अर्ध्या मिनिटात माझ्या चेहऱ्यावर आशा दिसली होती, असं बायको अजून म्हणते.

तात्या म्हणजे माझे चुलते, राहणार अंथुर्णे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी झाली. ग्रामसभा असो, बारसं असो, हरकत घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मी त्यांच्या अगदी उलट. घरात लागोपाठ तीन दिवस कारलं झालं तरी मी "छान झालंय" म्हणतो.

एकसष्टाव्या वर्षी तात्यांनी बारामतीच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. फॉर्मवर 'पालकाची सही' अशी चौकट होती. "कोरी ठेवायला माझी हरकत हाय," म्हणाले आणि माझी सही घेतली. अशा रीतीनं सत्तेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या चुलत्यांचा पालक झालो.

वर्गात त्यांच्या बाकावर इंदापूरची रुखसाना बसायची. घरची डाळिंबाची बाग, आवाज खणखणीत. तात्या सगळ्या वर्गाशी मराठीत बोलायचे आणि तिच्याशी मात्र हिंदीत. "बेटी, हमारे डब्बे में मेथी हाय. लई कडू हो गया."

"मीठ कमी पडलं असंल, तात्या," ती म्हणायची.

असे दोन महिने गेले. शेवटी तिनंच विचारलं, "तात्या, माझ्याशीच का हिंदी?"

"तुला बरं वाटावं म्हून."

"आमच्या घरात माझा आजासुदिक मराठीच बोलतो. आन् तुमचं हिंदी ऐकून मला लई दम लागतो."

दुसऱ्या दिवशी तात्या भर वर्गात उभे राहिले. "हरकत हाय! माझ्याच वागण्याला." आणि खाली बसले. सर फळ्याकडं वळून बराच वेळ फळा पुसत राहिले.

मग आला कॉलेजचा 'विविधता दिन'. छापील पत्रिकेत रुखसानाच्या नावापुढं होतं, 'उर्दू शायरी'. ती प्राचार्यांना म्हणाली, "सर, मला शायरी येत नाही. मी पोवाडा म्हणते."

"अगं, पोवाडा म्हणणारे आहेत आपल्याकडं. तुझ्यामुळं विविधता दिसायला नको का?"

रुखसाना खाली बघत बाहेर आली. तात्या दारातच होते. "हरकत हाय! तिनं काय व्हायचं ते पत्रिका ठरवणार व्हय?"

आणि ते प्राचार्यांच्या केबिनबाहेर उपोषणाला बसले. त्यांना शुगर आहे, दर दोन तासांनी खावं लागतं. म्हणून उपोषण मधल्या वेळात.

मला फोन आला, "पाल्याला समज द्यायला या." प्राचार्य माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "घरीपण असेच वागतात का?" मी मान खाली घालून म्हणालो, "हो सर." चार वाजेपर्यंत लेखी माफी आली नाही, तर नाव कमी करणार होते.

मी बाहेर येऊन बसलो. "तात्या, द्या की दोन ओळी लिहून. नाव गेलं तर पुन्हा कोण घेणार तुम्हाला?"

तात्या भाकरीचा तुकडा मोडत होते. "तुझी सुमनआत्या दहावीला शाळेत पयली आली. आमच्या बापानं तिचं लगीन ठरवलं. सुपारी फुटताना पोरगी माझ्याकडं बघत व्हती, दादा कायतरी बोलंल म्हून." तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "मी पेढा खाल्ला."

मी आत गेलो. "सर, पालक म्हणून माझी... हरकत आहे."

"काय? ऐकू आलं नाही."

ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते फार अवघड गेलं. प्राचार्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग दाराच्या फटीतून तात्यांकडं. नाव कमी केलं तरी हा माणूस तिथून हलणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "बरं. म्हणू दे पोवाडा. पण पत्रिका छापून झालीय. शायरी कोण म्हणणार?"

दारातून आवाज आला, "मी!"

कार्यक्रमाला तात्यांनी कोऱ्हाळ्याहून सुमनआत्याला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. कॉलेजात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. रुखसानाच्या पोवाड्यानं मांडवाचे पत्रे थरथरले. दोनदा म्हणायला लावला पोरांनी. मग तात्या आले. धोतर, टोपी आणि गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. शायरी स्वतः रचलेली. "दिल का दरवाजा उघडा रखो..." पुढची ओळ आठवेना. पोरं हसायला लागली. शिट्ट्या वाजल्या. तात्या खिशात कागद चाचपू लागले.

मी अर्धवट उठलो. नक्की कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. तेवढ्यात पुढून आवाज आला.

"हरकत हाय!"

सुमनआत्या उभी होती. पदर सारखा करत मागं वळून म्हणाली, "माझा दादा बोलतोय. हुंदे की त्याचं पुरं."

शिट्ट्या थांबल्या. तात्यांना कागद सापडला, पण चष्म्याआड पाणी आल्यानं वाचता येईना.

त्यांना ओळ सापडेपर्यंत आत्या उभीच राहिली.