शकूचे वस्ताद

शेजारच्या नानांनी माझं पोरगं पहिल्यांदा मागितलं ते रडायला.

मी दारात तूर निवडत बसले होते, आत पाळण्यात बाळ्या किंचाळत होता, आणि नाना समोर येऊन उभे राहिले. उंच, आडवे, कान पार चुरगळलेले, दार भरून माणूस. मी भडगावहून लग्न होऊन जळगावात आलेली, सातवीत शाळा सुटलेली, कोणी नुसतं खाकरलं तरी दचकायची. म्हटलं, झालं, पोराच्या रडण्यानं कावलेत, आता खोली सोडा म्हणतात.

"तुना पोऱ्या चांगला रडस," नाना म्हणाले. "जरा दे व माय. शकूले गणित करनं शे."

शकू म्हणजे नानांची एकुलती एक पोरगी. बी.एस्सी. झालेली. आई नव्हती तिला, ती परकरात होती तेव्हाच गेली. पुण्याला गणितात पुढं शिकायचं तर आधी तिथं जाऊन एक परीक्षा द्यायची, तीत निघाली तरच घेतात, असं होतं. आणि धुळ्याला तिच्या काकांनी स्थळ धरून ठेवलं होतं, मुलाचं कापडाचं दुकान, त्यांना घाई. नानांनी भावाला शब्द दिला होता आणि तोच दिवसभर घोकायचे, "पाडली तर पुणं, पडली तर धुळं."

शकू ऐकायची आणि पेन्सिलीचं टोक चावायची. एकदा नळावर मला म्हणाली, "वहिनी, मुलगा वाईट नाही हो. पण तिथं मी गणित कोणाशी बोलू?" माझ्याशी तर ती रोज बोलायची, मला कळत नव्हतं तरी.

नानांना गणितातलं ओ का ठो येत नव्हतं. जन्म डाळ मिलमध्ये पोती उचलण्यात गेला, आणि त्याच्या आधी जत्रेतल्या कुस्त्यांत. त्यामुळं परीक्षेची तयारी म्हणजे काय, हे त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. पहाटे उठवायचं, डोक्याला तेल जिरवायचं, बदाम भिजवून वाटून दुधातून द्यायचे. शकू बिचारी सडपातळ, नाकावर चष्मा, दुधाचा तांब्या बघूनच तिला मळमळायचं. गणिताला नाना गणित म्हणायचेच नाहीत, कुस्तीतल्यासारखं जोड म्हणायचे. "आज कोनती जोड शे? भारी शे का हलकी?" संध्याकाळी मिलमधून आले की दारातूनच, "पाडी का?" आणि शकू अर्ध्यावर अडकलेली असली तर, "बरोबरीत सुटली म्हन. सकाळी परत लढू."

एकदा तिनं त्यांना समजावलं, एक आकडा असतो, दुसऱ्याच्या जवळ जवळ जात राहतो पण पोचत कधीच नाही. नाना बराच वेळ मिशी ओढत राहिले. मग म्हणाले, "तो भेकड शे. त्याले सोड."

तिच्या कॉलेजातले सर चहाला आले तेव्हा तर मला दाराआडून बघवेना. नानांनी दोघांना ओट्यावर समोरासमोर बसवलं, तालमीतली चिमूटभर लाल माती दोघांच्या तळहातावर घातली आणि सलामी करायला लावली. सरांची पांढरी पँट. सर आधी हसले, मग नानांचे दंड बघून हसायचे थांबले. एकानं गणित घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं. सर जिंकले. नानांनी रीतीप्रमाणं त्यांना फेटा बांधला, नारळ दिला, फाटकापर्यंत वाजतगाजत नेलं. वाजवायला कोणी नव्हतं, नाना तोंडानंच वाजवत होते. दुसऱ्या दिवसापासून शकूचे बदाम वाढले.

बाळ्याचं असं की जत्रेत हलगी वाजते, माणसं बोंबलतात, त्यातही डाव विसरत नाही तोच मल्ल. म्हणून माझं पोरगं रोज दुपारी शकूच्या शेजारी. मी जीव मुठीत धरून बसायची, तो किंचाळायचा, शकू लिहायची. मध्येच गप्प झाला की नाना माझ्याकडं बघायचे, जसं काही मीच काही चुकवलं. "भूक नही का त्याले?" मी म्हणायची, "आत्ताच पाजलंय नाना." "घाई करस तू."

परीक्षेला नाना शकूबरोबर मला आणि बाळ्यालाही पुण्याला घेऊन गेले. पोरीच्या जातीबरोबर बाई हवी, असं ह्यांना सांगितलं. मी जळगावापलीकडं कधी गेले नव्हते, रस्ताभर बाळ्याला छातीशी धरून देवाचं नाव घेत होते.

सकाळी आणखी एक संकट. लढतीआधी पहेलवान खात नाही म्हणून नानांनी शकूला उपाशीच ठेवलं. ती पांढरीफटक. नानांची मला भीती वाटायची, पण तिच्याकडं बघवेना, त्यांची पाठ वळली तशी मी माझ्यातली दशमी तिच्या हातात कोंबली. तिनं भिंतीकडं तोंड करून दोन घासांत संपवली. नाना वळून म्हणाले, "बघ, तोंडावर तेज उनं." आम्ही दोघी जमिनीकडं बघत राहिलो.

तिला आत सोडून आम्ही खिडकीसमोरच्या कडुनिंबाखाली बसलो. तिचा बाक खिडकीशीच. घंटा झाली, सगळ्यांनी माना घातल्या, आणि शकूनं घातली नाही. ती नुसती समोर बघत होती. मग पंख्याकडं. मग बाहेर आमच्याकडं.

नाना उठून उभे राहिले. "काय व्हयनं तिले?"

मला एकदम उमगलं. "नाना, आत किती शांत आहे हो. तिला शांततेत कुठं जमतंय आता?"

नाना आधी खिडकीकडं बघत राहिले, मग बाळ्याकडं. बाळ्या माझ्या मांडीवर गाढ. रात्रभर गाडीत रडून रडून दमलेला. "चिमटा घे त्याले," नाना पुटपुटले. मी म्हटलं, "नाही घेणार." नानांना नाही म्हणालेलं माझं मलाच खरं वाटेना. तेही रागावले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मोठ्या माणसाचा तसा मी कधी पाहिला नव्हता. "मीच घोळ कया व," म्हणाले. "मनी पोर मीच गांगरी टाकी."

मग त्यांनी धोतर वर खोचलं, मांडी पुढं केली आणि शड्डू ठोकला. थाड. थोडं थांबून, थाड. कडुनिंबावरचे कावळे उडाले. आत शकूनं मान वळवली, ओठ दाबून हसली आणि पेन उचललं.

शिपाई धावत आला. "काय चाललंय काका?"

"मच्छर शेत," नाना म्हणाले आणि तोंडानं बोलता बोलता आणखी एक मारला.

शिपायानं त्यांच्या मांडीकडं बघितलं, दंडाकडं बघितलं. "हळू मारा," म्हणाला आणि गेला. शकू लिहीत होती. नाना घंटा होईपर्यंत हळू हळू मारत राहिले. मांडी लालभडक झाली.

शकू परीक्षेत निघाली. धुळ्याचे काका येऊन बरंच बोलून गेले, नानांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात पेढा ठेवला. पावसाळ्यात शकू पुण्याला गेली. त्यानंतर नाना संध्याकाळी मिलमधून यायचे, दारात क्षणभर उभे राहायचे, आणि काहीच न विचारता आत जायचे.

अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडं अखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी येते, तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. नाना सकाळी धुतलं धोतर नेसून, फेटा बांधून माझ्या दारात. "सांजोऱ्या करी दे व चार. मुऱ्हाळी जाई राह्यनू."

"अहो नाना, ती काय सासरी गेलीय का?"

"घर सोडी गयी ना?"

गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच आले. फेटा काखेत. ओट्यावर बसले, मी पाणी दिलं.

"तिना पेपर शे," म्हणाले. "फाटकापावत उनी सोडाले. सांजोऱ्या तठेच बठ्ठ्या पोरींनी खाई टाक्या." मग कौतुकानं म्हणाले, "जोड भारी शे या वेळी."

गल्लीत पोरींचे झोके सुरू झाले होते, गाणी ऐकू येत होती. नाना ऐकत बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुले लेवाले कोनी उनं नही?"

मी म्हटलं, "भाऊ नाही मला. बाबा थकलेत. एकटीनं एसटीनं जायची मला भीती वाटते."

नाना उठले. फेटा झटकला आणि पुन्हा बांधायला लागले, माझ्या दारावरच्या बोटभर आरशात बघून.

"सामान बांध," म्हणाले. "भडगावची गाडी शे आते."