चार एक्के आणि एक व्याही

नगरच्या क्लबात हनुमंतरावांचा ब्रिजमधला जोडीदार व्हायला आता कुणी म्हणजे कुणी तयार नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा इंजिनिअर एरवी लाख माणूस, पण जोडीदाराचं एक पान चुकलं की भर क्लबात गरजायचा, "डोकं काय घरी ठेवून आलात?" एका दातांच्या डॉक्टरांनी तर त्यांच्यापायी ब्रिज सोडून कॅरम धरला होता.

त्यामुळे वार्षिक स्पर्धेच्या तोंडावर राहात्याचे रंभाजीराव "मलाबी येतं की ब्रिज, शुगर फॅक्टरीच्या क्लबात शिकलो," म्हणाले, तेव्हा हनुमंतरावांना देव भेटला आणि त्यांच्या बायकोला, ज्ञानेश्वरीबाईंना, घोर लागला. रंभाजीराव त्यांचे होणारे व्याही होते. हनुमंतरावांच्या सायलीचं रंभाजीरावांच्या हर्षलशी ठरलं होतं आणि साखरपुडा तोंडावर आला होता.

"तुमच्या जिभेपायी माझ्या पोरीचं लग्न मोडलं ना, तर त्या पत्त्यांवर बंब पेटवीन," ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या. "व्याही म्हणतील ती पूर्व दिशा. कळलं?"

ब्रिजमध्ये पूर्वेला आपला प्रतिस्पर्धी बसतो, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. हनुमंतरावांनी मान डोलावली.

बोलीची पद्धत ठरवायला रंभाजीराव पेरूंची पाटी घेऊन आले. ब्रिजमध्ये आपली पानं जोडीदाराला कळवायची ती फक्त बोलीतून. तीन म्हटलं की तेरापैकी नऊ हात करायचे, सहा म्हटलं की बारा; बोलल्यापेक्षा जास्त हात केले तर त्यांना फारसं मोल नाही. आता ही बोली लावायच्या पद्धती म्हणाल तर ढीगभर, आणि हनुमंतरावांना त्यातल्या बहुतेक पाठ होत्या. त्यांनी पाचवी समजावून सांगायला घेतली तेवढ्यात रंभाजीरावांनी पेरू फोडला.

"एवढं कोन ध्यानात ठिवनार? सोपं ठिवू. जे हाय ते सांगायचं. एक म्हनलं की पानं बरी. दोन म्हनलं की पानं लई भारी, मंग जोडीदारानं गप बसायचं न्हाई. बास!"

हनुमंतरावांच्या जिभेच्या टोकाशी जे आलं ते छापण्यासारखं नव्हतं. पण समोर ज्ञानेश्वरीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"वा! फारच शास्त्रशुद्ध," ते म्हणाले.

"तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

"छे, छे! तुम्ही म्हणाल तसं."

स्पर्धेच्या दिवशी दोघांच्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या. रंभाजीरावांनी दुसऱ्याच डावात हनुमंतरावांचा चांगला राजा फुकट घालवला. सगळ्या क्लबाच्या माना तिकडे वळल्या. हनुमंतराव म्हणाले, "छान खेळलात." हे ऐकून दातांचे डॉक्टर कॅरम टाकून बघायला आले.

तरी नशीब जोरावर होतं. शेवटच्या डावाला स्पर्धेची ढाल हाताशी आली, आणि हनुमंतरावांनी पानं उचलली तर चारही एक्के त्यांच्याकडेच! "दोन इस्पिक," ते म्हणाले. रंभाजीराव नियमाला जागले. "तीन इस्पिक."

आता "सहा" म्हणायचं आणि ढाल घेऊन घरी जायचं. पण हनुमंतरावांची नजर भिंतीकडे गेली. तिथे ज्ञानेश्वरीबाईंचे डोळे रोखलेलेच होते. व्याह्यांनी तीन म्हटल्यावर आपण एकदम सहा म्हणायचं, म्हणजे त्यांना काही कळत नाही असंच चारचौघांत सांगायचं की!

"पास," ते म्हणाले.

रंभाजीरावांनी नियमाप्रमाणे आपली पानं टेबलावर उघडी मांडली; आता दोघांची पानं एकटे हनुमंतराव खेळणार. पहिला एक्का पडला, ते हसले. दुसरा पडला, हसू थांबलं. तिसऱ्याला कान लाल झाले. चौथा पडून बारा हात पुरे झाले, आणि ढाल शेजारच्या टेबलावर गेली.

"अवो इंजिनेर!" रंभाजीराव कडाडले. "चार एक्के घिऊन कुनी पास म्हनतं व्हय? डोकं काय धरनावर इसरून आलात?"

हनुमंतरावांच्या चेहऱ्यावर, कैक वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं, तसा आनंद पसरला.

"आणि तुम्ही? राजा-राणी दाबून तीनवर बसलात! सरळ सहा म्हणायला काय झालं होतं?"

"पोरीच्या बापाच्या वरचढ कसं बोलनार? आमच्या हिनं बजावलं हुतं!"

"मलाही आमच्या हिनंच बजावलं होतं!"

मग दोघेही असे काही भांडले की बघणाऱ्यांचे चहा गार झाले.

रंभाजीरावांच्या बायकोने, भागिरथीबाईंनी, हळूच खुर्ची सरकवली. "इहीनबाई, आता काय लपवायचं? राहात्यात ह्यांना कुनी जोडीदार मिळत न्हाई. कळलं तर सोयरीक मोडंल, म्हून बोलले न्हाई."

"अहो, आमच्याकडे तरी काय वेगळं?" ज्ञानेश्वरीबाईंना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं.

"आमचा हर्षल तेवढा माज्यावर गेलाय. गरीब हाय लेकरू." भागिरथीबाईंनी चहाचा घोट घेतला. "सायली कुनावर गेलीया?"

बाहेर आवारात हर्षल गाडी मागे घेत होता. खिडकीतून सायलीचा आवाज आला, "अरे, डावीकडे म्हटलं ना मी? डोकं काय घरी ठेवून आलास?"

ज्ञानेश्वरीबाईंना ब्रिजमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सकाळपासून बसून एक शब्द त्या शिकल्या होत्या.

"पास," त्या म्हणाल्या.