निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

शनिवारी आबांसमोर बसायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा आणि एका दमात सांगून टाकायचं, "मी नोकरी सोडून पायलट होतोय!" झालं! यात अवघड ते काय? असं गोरक्षनाथने पुण्यात ठरवलं, गाडीत घोकलं आणि हसनाबादला उतरल्यावर त्याची पार दातखीळ बसली.

पगार म्हणाल तर भरभक्कम. पण खुर्चीत बसलं की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. वरून विमान गेलं की स्वारी मीटिंग सोडून खिडकीत! राजीनामा मोबाइलमध्ये लिहून तयार होता. रोज उघडायचा, एक स्वल्पविराम हलवायचा आणि बंद करायचा. आबा 'हो' म्हणाले की पाठवायचा, असा त्याचा बेत. आबा म्हणजे धुळाजी. मेंढरांमागे रानोमाळ हिंडून त्यांनी पोराला इंजिनिअर केलं होतं आणि पोराची नोकरी ते येईल त्या पाहुण्याला चहाआधी सांगत.

जेवताना गोरक्षनाथने तोंड उघडलं.

"आबा, मला जरा..."

"ए, वरण वाढ गं त्याला!" धुळाजींनी बायकोला, आसराबाईंना सांगितलं.

वरण आलं, भाकरी आली, आबा घोरायला लागले. गोरक्षनाथला काही चैन पडेना. शेवटी त्याने धाकट्या बहिणीला गाठून सगळं ओकून टाकलं.

"छकुली, कोणाला सांगू नको."

"मी? न्हाई बाई!"

छकुलीने खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त आदिनाथला सांगितलं. आदिनाथ म्हणजे गावचा फ्लेक्सवाला! कुणी सरपंच होवो, पोलीस भरतीत लागो की ट्रॅक्टर घेवो, त्याच्याकडे साचा एकच. वर 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', मधे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग.

रविवारी सकाळी गोरक्षनाथ स्टँडवर चहाला गेला, तर समोर घराच्या भिंतीएवढा गोरक्षनाथ! गळ्यापर्यंत कुण्या परक्या वैमानिकाचा गणवेश आणि त्यावर ह्याचं बारावीच्या ओळखपत्रावरचं भेदरलेलं तोंड. 'पायलटपदी निवड झाल्याबद्दल...'

"आदिनाथ! अरे, निवड कुठं झाली?"

"होतीय की! उद्या होणार ते आज लावलं. खर्चा माझा, तू कशाला घाबरून राह्यला?"

"जल्दी उतरव ते!"

"कसं उतरवू? खाली सरपंचाचा फोटू हाय. सरपंचाला भर चौकात खाली काढलं म्हणून गाव मला फाडून खाईल!"

गोरक्षनाथ धावत घरी आला. धुळाजी नवं धोतर नेसून दारातच उभे होते. डोळे लाल.

"लेका, एवढी मोठी गोष्ट! अन् बापाला ती फ्लेक्सवर वाचावी लागली?"

आणि कधी नव्हे ते त्यांनी पोराला घट्ट मिठी मारली. गोरक्षनाथला रडूच आलं. ज्या होकारासाठी तो महिनोन्महिने झुरत होता, तो मिळाला होता, पण न घडलेल्या गोष्टीबद्दल!

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाई आल्या.

"नातीच्या लग्नात वरून फुलं टाकायची बरं का, गोरख. मागल्या साली पाटलाच्या लग्नात हेलिकॉप्टर आल्तं. आपन काय कमी हाओत का?"

"आजी, ऐका तर..."

"अन् गुलाबाचीच टाक. झेंडू लागतो डोक्याला!"

दुपारी मारुतीच्या पारावर सत्कार! फेटा, शाल, नारळ. गोरक्षनाथ खुर्चीच्या टोकावर चुळबुळत होता. इतक्यात त्याचा मोबाइल वाजला. माइक धरून उभ्या आदिनाथने 'साहेब' हे नाव वाचलं आणि मोबाइल हिसकावला.

"गावकरी मंडळी, पुण्याहून साहेबांच्या शुभेच्छा!"

मोबाइल थेट माइकला लावला.

"अभिनंदन, गोरक्षनाथ!" भोंग्यातून आवाज घुमला. "तुझा फ्लेक्स ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. कुठल्या विमान कंपनीने घेतलं?"

गाव कान टवकारून बसलं.

"सर, कुणीच नाही घेतलं. अजून शिकायला जायचंय."

"मग निवड?"

"झालेली नाही."

कुणीतरी खोकलं. धुळाजींची मान खाली गेली.

"अरे, मग तू नोकरी सोडतोयस की नाही? मला तुझ्या जागी माणूस बघायचाय. एक काय ते सांग!"

नाही म्हणणं सोपं होतं. नोकरी वाचली असती, गावही उद्या विसरलं असतं. पण पुन्हा ती खुर्ची, ती खिडकी! गोरक्षनाथ ओरडलाच, "सोडतोय, सर!"

मग चांगुणाबाई म्हणाल्या, "मंग फुलाचं कसं?"

घरी आल्यावर धुळाजी पोराच्या सत्काराचा फेटा सोडून त्याची घडी घालत बसले.

"आबा, रागावलात?"

"मंग काय नाचू? कागदावरचं विमान बघून चारचौघांत रडलो मी!"

"चुकलं माझं. पण मला खरंच उडायचंय, आबा. तिथं खुर्चीत जीव गुदमरतो माझा."

धुळाजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. आजारी मेंढराकडे पाहावं तसं.

"एक सांग. वर गेल्यावर पोटात गोळा न्हाई येत तुझ्या?"

"ठाऊक न्हाई."

"म्हंजी?"

"विमानात बसलोच न्हाई कधी."

धुळाजींच्या हातातली घडी विस्कटली. त्यांनी पोराकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, पुन्हा पोराकडे पाहिलं.

"मंग आधी आपल्या चौघांचं तिकीट काढ," ते म्हणाले. "बसून बघू. चालवायचं का न्हाई, ते खाली उतरल्यावर ठरवू."

आणि स्वयंपाकघरातून आसराबाई ओरडल्या, "खिडकीपाशी मी बसनार!"