पूर्वनोंदणी करावी किंवा कसे

टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारं नवं घरगुती यंत्र बाजारात येण्यापूर्वीच त्याची नोंदणी करावी किंवा कसे, हा प्रश्न त्या घरात मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी उपस्थित झाला. उपस्थित केला बायकोने. ती परिचारिका होती आणि त्या वेळी एका हाताने गणवेशाला घड्याळ टाचत दुसऱ्या हाताने चपला शोधत होती.

"अहो, ते रेकॉर्डरचं बघा ना. शुक्रवारी पाचपर्यंत नाव दिलं तर वीस तारखेला घरपोच. नंतर दिलं तर दोन महिने."

"बघतो," तो म्हणाला.

'बघतो' हा शब्द आपण सगळेच वापरतो. पण आपण तो टाळण्यासाठी वापरतो. त्याच्या बाबतीत ती कार्यवाहीची सुरुवात असे.

तो एका मोठ्या कार्यालयात हेडक्लार्क होता. तिथे सगळे त्याला 'सविनय' म्हणत, कारण कॅन्टीनमध्ये चहासुद्धा तो याच शब्दाने सुरुवात करून मागतो अशी वदंता होती. खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि सेवापुस्तक सहा वर्षांपूर्वी तपासणीला गेलेलं होतं.

त्या संध्याकाळी सविनयने एक कोरी फाइल आणली, तिला नाडी बांधली आणि पहिल्या पानावर लिहिलं:

*विषय: दूरचित्रवाणी मुद्रण यंत्राची पूर्वनोंदणी करणेबाबत.*
*मागणीचे कारण: अर्जदार (पत्नी) यांची दुपारी एकची मालिका दि. २१ रोजी समाप्त होत असून अर्जदार त्या वेळी रुग्णालयात कर्तव्यावर असतात. गेल्या सात वर्षांत त्यांनी या मालिकेचा एकही भाग स्वतः पाहिलेला नाही. किमान शेवट तरी डोळ्यांनी पाहावा अशी त्यांची इच्छा आहे.*
*प्रचलित पद्धत: अर्जदारांच्या सासूबाई दुपारी मालिका पाहतात व सायंकाळी पाच वाजता चहाच्या वेळी अर्जदारांना संपूर्ण भाग सांगतात.*
*आदेशार्थ सादर.*

कोणाला सादर, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण 'सादर' लिहिलं की हात मोकळे होतात.

"बाबा, बटण दाबायचं असतं," कॉलेजात जाणारी मुलगी फोन पुढे करत म्हणाली. "हे इथे. नाव आणि पत्ता. झालं."

"आणि अभिप्राय?"

"कोणाचे?"

"संबंधितांचे," सविनय म्हणाला, आणि तिला तांत्रिक सदस्य म्हणून समितीवर घेऊन टाकलं. बायकोला लाभार्थी असल्यामुळे मताधिकार नाकारण्यात आला. आईला 'बाधित व्यक्ती' या नात्याने आक्षेप नोंदवण्यासाठी चोवीस तासांची मुदत दिली.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत तो दुकानात स्थळपाहणीला गेला. दुकानदार हसतमुख होता. त्याच्यामागे एका चौरंगावर मखमली कापड अंथरलं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं.

"यंत्र दाखवता का?"

"अजून तयार झालेलं नाही, साहेब."

"मग नोंदणी कशाची करायची?"

"रांगेची."

"रांग कुठे दिसत नाही."

"नोंदणी केल्याशिवाय कशी दिसेल? आणि पहिल्या शंभरांना आच्छादन मोफत. धूळ बसू नये म्हणून. ते मात्र तयार आहे." त्याने खालून करड्या रंगाचं, चारी कोपरे शिवलेलं कव्हर काढून मखमलीवर उभं करून दाखवलं. आत काही नसताना ते इतकं भरीव दिसत होतं की सविनयला गहिवरून आलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याने अशा अनेक योजना पाहिल्या होत्या, पण इतकं चांगलं शिवणकाम कधी नव्हतं.

घरी आला तर आईचे आक्षेप तयार होते. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे, दोन्ही बाजूंनी.

(फाइलमधलं पान चार म्हणजे हेच कॅलेंडरचं पान. पान पाचवर चहाचा डाग आहे. तो मजकुराचा भाग समजू नये.)

"लाल दिवा असतो त्याला," आई म्हणाली. "तो सारखा टक लावून बसणार. दुसरं, वीज. तिसरं, एकदा साठवून ठेवायची सवय लागली की माणूस कशालाच वेळेवर हसत नाही. चौथं लिहिलंय ते वाच."

"'मी मेले आहे का,'" सविनयने वाचलं. "हा आक्षेप आहे का, आई?"

"मग काय आहे? सात वर्षं सांगतेय ना मी तिला? एक दिवस चुकवलाय? ताप होता तेव्हासुद्धा सांगितलं, घोंगडीतून."

"अगं, ती फक्त शेवट बघायचा म्हणतेय."

"शेवटच तर सगळ्यात नीट सांगायचा असतो," आई म्हणाली, आणि कप उचलून उगाचच पुन्हा विसळायला गेली.

सविनयला आनंद झाला. इतके मुद्देसूद आक्षेप त्याला कार्यालयातसुद्धा मिळत नसत. त्यांचं निराकरण करायचं तर प्रचलित पद्धतीचा मूळ प्रक्षेपणाशी तुलनात्मक अभ्यास आवश्यक होता. गुरुवारी त्याने अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि एकला पाच कमी असताना, वही-पेन्सिल घेऊन, आईच्या मागच्या खुर्चीत बसला.

एक वाजता मालिका सुरू झाली. एक वाजून चार मिनिटांनी आई झोपली. चष्मा नाकावर, हात मांडीवर, चेहरा लक्षपूर्वक. पडद्यावर कारखान्याच्या वाटणीवरून पाच बायका एकमेकींकडे तीनतीनदा मान वळवून बघत होत्या, आणि दर वेळी वीज कडाडत होती. दीडला साबणाची जाहिरात लागली तशी आई जागी झाली, "बरं झालं बाई त्याचं," असं म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

पाच वाजता बायको आली. पाय स्टुलावर ठेवून तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. सविनय एरवी सहाला घरी यायचा, त्यामुळे ही प्रचलित पद्धत तो प्रथमच पाहत होता.

"काय झालं आज, आई?"

"आज घड्याळजीकडे ती पोस्टातली बाई आली."

"पुन्हा?"

"पुन्हा. पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पत्र घेऊन. तो एका हाताने घड्याळ उघडतोय, दुसरा हात नाहीच ना त्याला, आणि ती म्हणते, मी वाचून दाखवू का? तर तो म्हणतो, नको, आधी सगळी घड्याळं थांबवू दे. मग त्याने एकेक करून दुकानातली सगळी घड्याळं थांबवली, सूनबाई. त्रेचाळीस होती. मी मोजली."

"आणि खण? त्या कुलूपबंद खणाचं काय?"

"खणाकडे बघितलं त्याने. नुसतं बघितलं."

बायकोने श्वास सोडला. चहा निवला होता. सविनयच्या पेन्सिलीचं टोकही कधी मोडलं ते त्याला कळलं नव्हतं.

त्याने वहीत पाहिलं. कारखाना होता, पाच बायका होत्या, वीज होती. घड्याळजी नव्हता. पोस्टातली बाई नव्हती. खण तर नव्हताच.

*टिप्पणी: प्रचलित पद्धत व मूळ प्रक्षेपण यांत तफावत आढळून येते. तफावतीचे प्रमाण: शंभर टक्के.*

त्याने हे वाक्य लिहिलं, वाचलं आणि आयुष्यात प्रथमच लिहिलेलं खोडरबराने पुसलं.

आता प्रकरण खरोखर गुंतागुंतीचं झालं. यंत्र आलं तर एकवीस तारखेला बायको शेवट बघणार, त्यात घड्याळजी शोधणार, आणि सात वर्षं चहाबरोबर आपण काय प्यायलो हे तिला कळणार. आईला कोणत्या तोंडाने पाच वाजता कप पुढे करता येईल? यंत्र नाही आलं तर बायको म्हणणार, सात वर्षांत एक गोष्ट मागितली होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये शुक्रवार.

अशा प्रसंगी सामान्य माणूस हातपाय गाळतो. सविनयकडे फाइल होती. आजवर त्याने शेकडो निर्णय लांबवले होते, पण ते सवयीने. एखाद्याचं भलं व्हावं म्हणून लांबवायची ही पहिलीच वेळ. रात्रभरात त्याने सहा त्रुटी काढल्या. शुक्रवारी सकाळी फाइल 'पूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून बायकोच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे काय?"

"त्रुटी आहेत. यंत्राची लांबी-रुंदी जोडलेली नाही."

"ते तयारच नाही ना अजून."

"हीच दुसरी त्रुटी."

बायकोने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, डबा उचलला, फाइल तिथेच ठेवली आणि निघून गेली.

संध्याकाळी पाच वाजून गेले. मुदत संपली. त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी आलेल्या सविनयने बायकोला दार उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं तेज होतं.

"नोंदणी केली मी," बायको चपला काढत म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत. चार मिनिटं लागली, त्यातली तीन पत्त्यात गेली."

तो तिला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेला, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "अगं, कसं सांगू. मी काल मालिका पाहिली. तो घड्याळजी..."

"नाहीये."

"तुला माहीत आहे?"

"अहो, वॉर्डात टीव्ही आहे. एक वाजता मी गोळ्या वाटते आणि अठरा पेशंट तीच मालिका बघत असतात. पहिल्या वर्षीच कळलं मला. काय भिकार मालिका आहे हो. नुसत्या माना वळवतात."

"आणि मुलीला?"

"दहावीपासून माहीत आहे तिला. तुम्हीच तेवढे राहिला होता."

चौकशी समितीच्या अध्यक्षाला सगळ्यात शेवटी कळावं यात सविनयला काही गैर वाटलं नाही; प्रथाच आहे. पण एक मुद्दा सुटत नव्हता. "मग रेकॉर्डर कशाला?"

बायकोने दाराकडे पाहिलं. आत आई कप मांडत होती.

"एकवीसला मालिका संपते ना. बावीसला आई काय बघून सांगणार? यंत्र असलं म्हणजे आत जुने भाग साठलेत असं म्हणता येईल. रोज एक बघा म्हणावं. आमचा खण अजून उघडलेला नाही."

वीस तारखेला घरपोच खोकं आलं. त्यात करड्या रंगाचं आच्छादन होतं आणि एक पत्र: उत्पादन काही अपरिहार्य कारणांमुळे लांबणीवर पडलं असून, नोंदणीधारकांना पुढच्या यंत्राच्या पूर्वनोंदणीसाठी प्राधान्य देण्यात येईल. सविनयने पत्र दोनदा वाचलं. भाषा निर्दोष होती.

मग त्याने माळ्यावरून बुटांचं एक खोकं काढलं, टीव्हीखाली ठेवलं आणि त्यावर आच्छादन चढवलं. अगदी मापाला बसलं. मुलीने मागून एक वायर काढून भिंतीकडे नेली आणि कशालाही जोडली नाही. बायकोने आईला सांगितलं, सगळे भाग यात आहेत, सात वर्षांचे, पहिल्यापासून.

शनिवारी आईने धूळ पुसायला आच्छादन उचललं. सविनय पेपराआडून बघत होता. आई बुटांच्या खोक्याकडे पाहत क्षणभर उभी राहिली. मग तिने खोकंही पुसलं, आच्छादन परत घातलं, कोपरे नीट केले.

"चांगलं आहे यंत्र," ती म्हणाली. "लाल दिवा नाही."

आता ती रोज एकला खोक्यासमोर बसते. एक वाजून चार मिनिटांनी तिचा डोळा लागतो. सविनयने कामाची वेळ बदलून घ्यायचा अर्ज दिला आणि, वरच्या साहेबांना कारण कळेना म्हणून, तो तीन दिवसांत मंजूर झाला. पाचला चौघंही टेबलापाशी असतात. फाइल त्याने निकाली काढली: *यंत्र प्राप्त. समाधानकारकरीत्या कार्यरत.*

गेल्या सोमवारी आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आज घड्याळजीने किल्ली काढली."

बाकीच्या तिघांनीही आपापले कप खाली ठेवले.

पुढचं या घराबाहेर सांगायची परवानगी नाही, तेव्हा खणात काय निघालं हे विचारण्यासाठी कृपया अर्ज करू नयेत. अर्ज येणार हे गृहीत धरून एक नवी फाइल मात्र उघडून ठेवलेली आहे. तिच्यात पहिलीच नोंद अशी आहे: टीव्हीवरची खरी मालिका एकवीस तारखेला संपली, आणि तिचा शेवट काय झाला, हे इथपर्यंत वाचत आलेल्या तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही.