जोतीरामसरांचा डावा पाय

जोतीरामसरांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी त्यांच्या जीपचा क्लच कायमचा बंद केला. "चाला, बसा, हळूहळू जिने चढा. पण त्या जीपचा क्लच दाबायचा नाही," असं त्यांनी बजावलं. सर मान हलवून घरी आले, आणि त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी त्याच संध्याकाळी माढ्याच्या दिग्विजयला फोन लावला. दिग्विजयला ती सत्त्याऐंशी सालची फोर व्हील जीप शेतावर हवी होती. चार वर्षं तो मागेच लागला होता.

"तू मला न विचारता फोन केलास?" सर म्हणाले.

"तुमाला विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता," वैजयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडता येत नसे.

सर हादरले. बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं ही जीप दारात होती. जीप गेली तर आपण नुसते गुडघा चोळत बसणारे पेन्शनर उरू, ही भीती त्यांना खरोखरच खात होती. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली. क्लच नको ना? मग जीपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतो, म्हणाले. बाईंनी जरा विचार केला आणि अट घातली. चौथ्या रविवारी जीप दारातून हलून अक्कलकोटला पोचली तर ती राहील, नाही हलली तर त्याच दिवशी दिग्विजय तिला बांधून नेईल. दिग्विजयलाही तसं कळवलं.

भंगारात आलेल्या एका मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. अडचण अशी की तो त्या मोटारीसाठी जन्मलेला होता. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर बॉक्स असतो, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी लोखंडी पेटी. ह्या दोघांचे शाफ्ट जुळेनात, बोल्टची भोकं जुळेनात, उंचीही जुळेना. सर सहाणेवर चंदन उगाळावं तशा निवांतपणे कामाला लागले. व्हर्नियर घेऊन रात्रंदिवस मापं, कागदावर ड्रॉइंग, खोडणं आणि पुन्हा ड्रॉइंग. बाई जेवायला बोलवायच्या तर हे ट्रान्सफर बॉक्सशेजारी आडवे.

ड्रॉइंग घेऊन ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सिद्धलिंगप्पाकडे गेले. सिद्धलिंगप्पा सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःची चार लेथ असलेला कारखानदार. पण सरांसमोर अजूनही हात पुसून उभा राहायचा.

"मागची प्लेट ट्रान्सफर बॉक्सला, पुढची इंजिनाला. मधे दातेरी कपलिंग. एक सूतही इकडं तिकडं नको," सर म्हणाले.

सिद्धलिंगप्पानं पुढच्या प्लेटचं ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. "ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करू ना, सर?"

"तेवढंच. ड्रॉइंगमध्ये नाही ते कधी करायचं नाही. हेच शिकवलं होतं ना मी तुला?"

"व्हय सर," तो म्हणाला.

तीन आठवड्यांत सगळं तयार झालं. शनिवारी संध्याकाळी सिद्धलिंगप्पाच्या कारखान्यात ट्रान्सफर बॉक्सला तो परका गिअरबॉक्स असा बसला की जणू दोघं एकाच ताटात जेवलेले. सरांचे डोळे भरून आले. इंजिन चालू करून बघावं असं कुणालाच वाटलं नाही, कारण इंजिनाला हात लावलाच नव्हता. जीप साखळीनं ओढत घरी आणली आणि दारासमोरच्या उतारावर उभी केली.

ह्या उताराबद्दल सांगायला हवं. जीपची स्टार्टर मोटर अकरा वर्षांपूर्वी जळाली होती. सरांनी ती काढून माळ्यावर टाकली, कारण दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत झकास उतार होता. ब्रेक सोडायचा, जीप सुटली की गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन आपोआप सुरू. बाहेरगावीही सर उतार बघूनच गाडी लावत. मोहोळला कुठं उतार आहे, अक्कलकोटला कुठं, सगळं पाठ होतं. जीपला स्टार्टर असतो ही गोष्टच ते हळूहळू विसरले होते.

रविवारी सकाळी गल्ली जमली. दिग्विजय माढ्याहून ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला होता आणि कट्ट्यावर अदबीनं चहा पीत होता. सरांनी नारळ फोडला, गिअरचा दांडा 'डी'वर आणला, ब्रेक सोडला. जीप सुटली, वेग आला, आणि ती काहीही आवाज न करता टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

"स्पीड कमी पडला," शेजारचा सयाजी म्हणाला. सयाजीला कुठल्याही गोष्टीत स्पीडच कमी पडलेला दिसतो.

दहा जणांनी जीप वर ढकलली. ह्या खेपेला मागून धक्का देत सोडली. जीप आणखी जोरात, तितक्याच शांतपणे, टाकीपाशी गेली. तिसऱ्या खेपेसाठी वर आणताना दिग्विजयनंही खांदा लावला. "माझीच व्हायची हाय, सर. हात लावला तर काय बिघडतं?" तो म्हणाला. सरांना ते बोलणं गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

चौथ्या खेपेच्या आधी सिद्धलिंगप्पा पोचला. त्यानं टाकीपाशी उभी जीप पाहिली, घामाघूम गल्ली पाहिली, आणि तो सरांच्या कानाशी आला.

"निल्लरी, सर. थांबा जरा. ही ढकलून चालू होणार न्हाई. ऑटोमॅटिकचं तसंच असतं. आधी इंजिन फिरायला लागतं, मग आतलं ऑइल दाबलं जातं, मग चाकं आन् इंजिन एकमेकाला ओळखत्यात. तवर न्हाई."

"मग इंजिन फिरवायचं कशानं?"

"स्टार्टरनं, सर."

"स्टार्टर माळ्यावर आहे. आण खाली, नवं वायंडिंग करू, बसवू."

सिद्धलिंगप्पा खाली बघायला लागला. "पुढच्या प्लेटला स्टार्टरचं भोक न्हाई, सर."

"का नाही?"

"ड्रॉइंगमध्ये नव्हतं."

बत्तीस वर्षांत सरांचं एक वाक्य एका विद्यार्थ्यानं इतकं मनापासून पाळलं होतं, आणि तेच त्यांना भोवलं होतं. नवीन प्लेट करायला आठवडा लागणार, आणि रविवार आज होता. जीप पुन्हा वर आणून दारात लावली. दिग्विजय साखळी सोडवायला लागला. सरांना वाटलं, आता आपण आत जाऊन दार लावून घ्यावं.

तेवढ्यात वैजयंतीबाईच आत गेल्या. मागच्या दाराला अडसर म्हणून घातलेला एक वाकडा लोखंडी दांडा काढून त्यांनी सरांसमोर धरला. "ह्याचं काय? ह्यो गाडीचाच हाय न्हवं? रोज रात्री मीच घालते, सकाळी मीच काढते."

ते जीपचं हँडल होतं. पुढच्या बंपरमधून घालून इंजिन हातानं फिरवायचं हँडल. दोनदा रंग देऊन त्याचा अडसर केलेला होता.

सरांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. पण हँडलला दोन माणसं लागतात. ते उलटं फिरलं तर मनगट मोडतं, आणि ती हातोटी सरांखेरीज कुणालाच नव्हती. आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरायला दुसरं कुणीतरी हवं, नाहीतर थंड इंजिन लगेच बंद पडतं.

"मी बसतो की," दिग्विजय पुढे झाला.

एकदा हा त्या सीटवर बसला तर उतरायचा नाही, हे सरांना कळत होतं. "तुम्ही नको," ते घाईनं म्हणाले. "वैजू, तूच बस. नुसता उजवा पाय दाबून धर. दुसरं काही करू नकोस."

वैजयंतीबाई साडी सावरून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या एकदा ह्या सीटवर बसल्या होत्या. लायसन काढलं होतं, दोन दिवस सरांनी शिकवलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी गिअर करकरला तसं सर म्हणाले होते, "राहू दे, तुला जमायचं नाही." तेव्हापासून त्या बिनगिअरची स्कूटर चालवत होत्या. लायसन मात्र पर्समध्ये होतं, मुदत वाढवून घेतलेलं.

सरांनी गिअर न्यूट्रलवर आणला, हँडब्रेक ओढला आणि पुढे येऊन हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत इंजिन गरम झालं. सर घाम पुसत ड्रायव्हरच्या बाजूला आले.

"उतर आता."

"गाडी हितनं हलून अक्कलकोटला पोचली पायजे, एवढंच ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "कुणी हलवायची, ते कुटं ठरलं होतं? ब्रेक ह्यो, डी म्हंजे पुढं. स्कूटरसारखंच हाय की. बसा पलीकडनं."

सर गल्लीकडे बघत पलीकडून बसले. दिग्विजयनं साखळी पुन्हा ट्रॅक्टरवर टाकली. सयाजीनं स्पीडबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. जीप मऊ झोका दिल्यासारखी हलली आणि अक्कलकोट रोडला लागली.

बाई छान चालवत होत्या. सर मात्र प्रत्येक वळणाला, प्रत्येक ट्रकमागे आणि प्रत्येक गतिरोधकावर डावा पाय दाबत होते. वळसंग मागे पडलं तेव्हा गुडघा ठणकायला लागला.

"पाय सोडा," बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "हितं क्लच न्हाई."

अक्कलकोटला पोचल्यावर सर सवयीनं म्हणाले, "तिकडं मठामागं उतार आहे, तिथं लाव." बाईंनी सपाट जागी, लिंबाच्या सावलीत गाडी लावली आणि खुशाल इंजिन बंद केलं.

सरांनी सुजलेला गुडघा चोळला. "उद्या सिद्धलिंगप्पाला नवी प्लेट सांगतो. ह्या खेपेला स्टार्टरचं भोक पहिलं काढतो."

"एवढी घाई काय हाय?" बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. "हँडल मारायला तुमी हाय की."

सरांनी मांडीवरचं हँडल उचललं आणि लंगडत त्यांच्या मागोमाग दर्शनाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.