सोनटक्क्याचा तांबेरा

पान नुसतं बघून झाडाचा रोग ओळखणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत एकच, आणि तो आपण, याबद्दल विठ्ठल सावंतांना तिळमात्र शंका नव्हती! गॅलरीतल्या सोनटक्क्याच्या पानांवर तांबडे ठिपके दिसताच त्यांनी निकाल देऊन टाकला, "तांबेरा! बुरशीचा रोग!"

"अहो, एकदा बोटाने पुसून तरी बघा," नंदाताई म्हणाल्या.

"रोग पुसून जातो होय? काहीतरीच तुझं!"

हा सोनटक्का साधासुधा नव्हता. मानपाड्याजवळची त्यांची जुनी दुमजली बिल्डिंग पाडली, तेव्हा मागच्या नळाकडचा हा कंद विठ्ठलरावांनी जेसीबीच्या तोंडातून काढून आणलेला. ज्याच्या वासाने नळावरची निम्मी भांडणं जागीच विरघळायची, तो हा! बिल्डिंगमधलं एवढंच शिल्लक होतं. माणसं कधीच पांगली होती.

विठ्ठलरावांनी जुन्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'नळावरचा सोनटक्का आजारी. तांबेरा. उपाय कळवा.'

कळवा म्हटलं, तर मंडळी येऊनच धडकली! रविवारी सकाळी दिव्याहून रवींद्र तंबाखूचं पाणी घेऊन आला, ठाण्याहून शीलाताई आंबट ताक घेऊन.

"आधी ताक!"

"ताकाने मुंग्या होतील! आधी तंबाखू!"

"दोन्ही मारा, वरून माझं कडुनिंबाचं तेल!" विठ्ठलरावांनी तोड काढली. सोनटक्का शनिवारच्या मारुतीसारखा चकाकायला लागला.

मग आत पोहे, चहा आणि जुन्या गप्पा.

"शीला, तुला बघायला आले तेव्हा केसात सोनटक्काच होता ना गं?" नंदाताईंनी विचारलं.

"हो ना! नवरामुलगा नुसता शिंकत होता. तरी होकार दिलान!"

हसता हसता दुपार झाली. मंडळी गॅलरीत येऊन बघतात तो काय! तेल प्यालेली पानं कडक उन्हात पापडासारखी करपलेली!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून दिपेशने हाक मारली, "काका, ग्रिलला रेड ऑक्साईड मारतोय! चार दिवस झाले, रोज थोडं थोडं चाललंय. खाली ठिपके पडत नाहीत ना?"

उत्तरादाखल एक टपोरा तांबडा थेंब विठ्ठलरावांच्या टकलावर पडला.

"अगंबाई! ह्यांनाही तांबेरा झाला!" नंदाताई ओरडल्या.

सगळे पोट धरून हसले. विठ्ठलराव मात्र कुंडीपाशी मटकन बसले. "जेसीबीतून वाचवला," ते पुटपुटले, "आणि मी मारला."

हसू थांबलं. शीलाताई पुढे झाल्या. "काही मेलेला नाही. वरचं छाटा, कुंडी पालथी करा."

कुंडी पालथी केली. मातीत चांगले जाडजूड कंद निघाले, एकाला धक्का लागून तो मोडला आणि आल्यासारखा ओला, गार वास सुटला.

"नळ आला," रवींद्र हळूच म्हणाला. मग तो मोडका कंद हातोहात प्रत्येकाच्या नाकाशी फिरला.

जाताना प्रत्येकाने एकेक कंद नेला. भाद्रपदात तीन घरांत सोनटक्का फुलला, ग्रुप नुसता फोटोंनी भरून गेला.

मग एके दिवशी रवींद्रचा निरोप आला, 'माझ्या झाडावर पिवळे डाग पडलेत. रविवारी सगळ्यांनी बघायला या, जेवूनच जा. औषध कुणीही आणू नये. विठ्ठलरावांना दारातच तपासण्यात येईल!'