मागच्या चाकांची प्रतिष्ठा

मनुष्याच्या प्रगतीचा इतिहास हा झाकलेल्या वस्तू उघड्या करण्याचा इतिहास आहे. (उलट दिशेने झालेल्या प्रगतीला संस्कृती म्हणतात, तिचा इथे संबंध नाही.) हा सिद्धांत ज्यांना पटत नाही त्यांनी आमच्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ येऊन उकिडवं बसावं. बरेच जण बसतात.

आमची गाडी जुनी आहे. म्हणजे दादापेक्षा वयाने मोठी आणि वागायला बरी. तिच्या मागच्या चाकांत पूर्वी ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. पेडल दाबलं की आतले दोन अर्धगोल बाहेर सरकतात, डब्याला घासतात आणि गाडी थांबते. हँडब्रेक ओढला की त्याची तार याच अर्धगोलांना दाबून धरते, आणि थांबलेली गाडी थांबलेलीच राहते. हे सगळं डब्याच्या आत, कुणालाही न दाखवता चालतं. बाबा नोकरीला लागले तेव्हापासून ते निवृत्त होऊन कंटाळेपर्यंत हे ड्रम गाडी थांबवत आले आणि त्यांनी एकदाही स्वतःकडे कुणाचं लक्ष वेधून घेतलं नाही. हाच त्यांचा मुख्य दोष.

डिस्क ब्रेकचं तसं नाही. त्यात एक चकचकीत तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चावणारा, कॅलिपर नावाचा चिमटा असतो. दोन्ही गोष्टी चाकाच्या फटींतून दिसतात. चिमटा लाल रंगवला तर रस्त्याच्या पलीकडूनही दिसतो. गाडी थांबो न थांबो, तिची थांबण्याची इच्छा जगजाहीर होते.

दादा हा जुनी वाहने उन्नती मंडळाचा सभासद आहे. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. (त्यामुळे चांगलं चाललेलं काढून नवं बसवण्याचा त्यांना सराव आहे.) मंडळाच्या पाहणीनुसार, मागे ड्रम असलेल्या दहापैकी नऊ मालकांना सिग्नलला उभं असताना अपमान झाल्यासारखं वाटतं. दहाव्याला अपमान होतोय हेच कळत नाही. हे दहावे म्हणजे आमचे बाबा.

बाबांना काळजी वेगळीच होती. जुन्या गाड्यांची सरकारी तपासणी जवळ आली होती. पास झाली तर गाडी आणखी काही वर्षं घरी राहणार. नापास झाली तर थेट भंगारात. याच गाडीत बाबांनी आईला गाडी चालवायला शिकवली होती आणि तरीही त्यांचा संसार टिकला होता. अशी गाडी माणूस सहजासहजी सोडत नाही.

"ब्रेक लागतात ना? मग झालं," बाबा म्हणाले.

"बाबा, लागण्याचा प्रश्नच नाहीये," दादा म्हणाला. "तपासणारा माणूस आधी बघतो."

गाडी गॅरेजला गेली. गॅरेजवाल्याचं नाव कुणालाच माहीत नाही. कुठल्याही प्रश्नाला तो एकच उत्तर देतो, म्हणून सगळे त्याला होऊनजाईल म्हणतात. एका मोठ्या, ठोकलेल्या गाडीच्या मागच्या डिस्क त्याने आणून ठेवल्या होत्या. (पुढची बाजू ठोकलेली असल्यामुळे त्या उत्तम स्थितीत होत्या. ती गाडी का ठोकली गेली, हा प्रश्न मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही.)

यानंतर जे घडलं ते पूर्णपणे तर्कशुद्ध होतं. डिस्क मोठ्या असल्याने जुनी चाकं बसेनात, म्हणून मोठी चाकं घेतली. मोठी चाकं मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड कापलं. नव्या चिमट्यांना ब्रेक ऑइल जास्त लागतं, त्यामुळे पेडल तळाला टेकू लागलं, म्हणून ऑइल ढकलणारा मोठा सिलिंडर बसवला. त्याच्या जागेत बॅटरी आडवी येत होती, म्हणून बॅटरी डिकीत गेली. डिकीतलं सामान मागच्या सीटवर आलं आणि मागच्या सीटवर बसणारी आई रिक्षाने जाऊ लागली. एवढं झाल्यावर ब्रेक दाबून पाहिला. मागची चाकं जागच्या जागी आवळली आणि गाडी रस्त्यावर आडवी झाली.

"मागचा जोर जास्त होतोय," बाबा दरवाजाला घट्ट धरून म्हणाले.

"होऊन जाईल," होऊनजाईल म्हणाला, आणि त्याने मागच्या चाकांकडे जाणारं ऑइल कमी करणारा एक छोटा नळ बसवला. तो थोडा फिरवला, अजून थोडा फिरवला, आणि शेवटी मागचे ब्रेक लागायचेच बंद झाल्यावर गाडी अगदी सरळ थांबू लागली. मंडळाच्या अहवालात या प्रयोगाला संपूर्ण यश असं म्हटलं आहे.

राहता राहिला हँडब्रेक. नव्या चिमट्यांत त्याच्या तारेला अडकायला जागाच नव्हती. होऊनजाईलने तार नीट गुंडाळून सीटखाली बांधून दिली. हँडब्रेकचा दांडा मात्र तसाच ठेवला. तो पूर्वीसारखाच वर येतो, कर्रकट आवाज करतो, आणि त्याचा कशाशीही संबंध नसतो. (अशी पदं मोठ्या कार्यालयांतही असतात.)

आमचं घर उतारावर आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाहिली, पण इंजिन बाबांच्याच पिढीतलं. त्याला दम धरवत नाही. चाकामागे वीट लावता आली असती, पण विटेमुळे डिस्क झाकली जाते, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला असा प्रश्न येतो. सर्व बाजूंनी विचार करून दादाने बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर, ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. तात्पुरतं.

अशा रीतीने बाबा हँडब्रेक झाले. गाडी चालताना ते चालक असत, थांबली की हँडब्रेक. दोन्ही पदांना मानधन नाही. आई चहा खिडकीतून देई. बाबा वर्तमानपत्र तिथेच वाचत, दाढीही गाडीच्या आरशात करत. शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटलं की घरात भांडण झालंय. रात्री बाबांची सुटी असे. तेव्हा पेडल आणि सीट यांच्यामध्ये एक काठी दाबून ठेवत.

"मग दिवसाही काठीच लाव की रे!" आई म्हणाली.

"आई, दिवसा काचेतून काठी दिसते. शोभत नाही."

"आणि बाप शोभतो?"

"शोभतात," दादा म्हणाला. "जुन्या गाडीत जुने मालक. अध्यक्षांनी फोटोही मागवलाय."

"ते जुने डबे परत बसव. माणसाला गाडीतून उतरता यावं म्हणून ब्रेक असतो. तू ब्रेक लावायला माणूस बसवलायस."

ड्रम भंगारात गेले होते. भंगारवाल्याने ते पुसून विकले. ज्याने घेतले त्याची गाडी आमच्याच गल्लीत, उतारावर उभी असते. आत कुणी नसतं. दादा तिच्याकडे पाहून मान हलवतो.

तपासणीच्या दिवशी मंडळ झाडून हजर होतं. केंद्राच्या आवारात सभासदांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांच्या मागच्या चाकांत लाल चिमटे, आणि प्रत्येकीच्या स्टिअरिंगमागे एकेक वडीलधारं माणूस. कुणाचे सासरे, कुणाचे काका, अध्यक्षांची मावशी. मावशी विणकाम करत होत्या. एक पाय स्थिर ठेवून हात मोकळे असलेल्यांना ही कला लवकर येते.

तपासणी अधिकारी बाई कपाळावर चष्मा चढवून आल्या. आमची गाडी चढावर उभी करायला लावली.

"हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा."

"मॅडम, आधी मागून बघा ना," दादा म्हणाला.

"मागे मी उभी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "गाडीच येईल."

बाबांनी दांडा ओढला. कर्रकट झालं. त्यांनी पाय काढला आणि गाडी कसलीही घाई न करता मागे यायला लागली. बाबांनी पुन्हा पेडल दाबलं. गाडी थांबली.

"नापास."

"पण थांबली ना, मॅडम!"

"कुणी थांबवली?"

"बाबांनी."

"मग बाबा पास. गाडी नापास."

बाबांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा. तेवढ्यात अध्यक्ष पुढे आले. ते नियम पाठ करून आले होते. उतारावर गाडी स्थिर ठेवणारे साधन गाडीला कायमस्वरूपी जोडलेले असावे, एवढंच नियमात आहे. ते साधन धातूचंच असावं असं कुठेही म्हटलेलं नाही.

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि बाबांकडे बराच वेळ पाहिलं.

"कायमस्वरूपी आहेत?"

"एकदम, मॅडम," दादा म्हणाला. "घरचेच आहेत."

"अधूनमधून काढता वगैरे येतात का? काठीबिठी चालणार नाही मग."

"छे, छे!"

"अरे, मला पाय मोकळे करायला तरी..." बाबा म्हणाले.

"बाबा, दोन मिनिटं."

"मी उतरलो, तर गाडीचं काय होईल?" बाबांनी बाईंनाच विचारलं.

"भंगार."

बाबांनी समोर पाहिलं. पाय नीट रोवला. बाईंनी शेरा लिहिला: हँडब्रेक, वडील, चालू स्थितीत. मंडळाने टाळ्या वाजवल्या. मावशींनी विणकाम न सोडता एका हाताने वाजवायचा प्रयत्न केला.

तेव्हापासून बाबा गाडीतच असतात. रात्रीसुद्धा. आता हा कायद्याचा प्रश्न आहे. आईने त्यांना मानेसाठी उशी शिवून दिली आहे. गाडी बघायला लोक येतात, उकिडवे बसतात, लाल रंग कुठल्या कंपनीचा ते विचारतात. उठताना खिडकीतून आत बघून "काय काका, मजा आहे तुमची!" म्हणतात.

तुम्ही यांच्यातले नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला बाबांची कीव आली, दादाचा राग आला, आणि होऊनजाईलचा पत्ता तुम्हाला केवळ माहितीसाठी हवा आहे. तुमच्या हौसेखाली कुणाचा पाय अडकलेला नाही. खात्री करून घेणं सोपं आहे: घरातल्या थोरांना हाक मारा आणि म्हणा, आज सगळं टाका आणि जरा भटकून या. ते लगेच चपला घालून निघाले, तर उत्तम. पण "मी उठलो तर तुझं कसं होईल?" असं म्हणाले, तर आग्रह करू नका. त्यांना चहा नेऊन द्या आणि बाहेर जाऊन बघा, मागची चाकं काय सुंदर दिसतात.